चिमणीछाप सोप्रानो

शुक्रवारी संध्याकाळी थोरली तीन जिने चढून घरात शिरली, तर धाकटीनं आधीच चहाचं आधण ठेवलेलं. थोरलीला तिथंच शंका आली.

"काय काम आहे?" चपला काढता काढता तिनं विचारलं.

"काम कसलं? बहिणीला चहा द्यायला काम लागतं?"

"तुला लागतं."

धाकटी हसली, म्हणजे काम होतंच. थोरली खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले. दिवसभर ऐकायचंच काम करून आलेल्या माणसाला घरी आल्यावर निदान अर्धा तास कुणी काही ऐकवू नये, एवढीच तिची आयुष्याकडून मागणी उरली होती. तीही क्वचितच पुरी व्हायची.

ती सत्तावन्न वर्षांची होती आणि त्यातली चोवीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच टेबलाशी गेली होती. कारखाना युकुलेले बनवायचा. गिटारसारखं दिसणारं, पण चारच तारांचं, छोटंसं वाद्य. त्यातही सोप्रानो, म्हणजे त्या घराण्यातलं शेंडेफळ, कुशीत धरलं तर तान्ह्या पोराएवढं. तयार झालेला प्रत्येक नग शेवटी हिच्या टेबलावर यायचा. ती तार मोकळी छेडायची, मग मानेवरच्या आडव्या धातूच्या पडद्यांपैकी बाराव्यावर बोट दाबून तीच तार पुन्हा छेडायची. दोन्ही सूर सख्खे निघाले तर ठीक, सावत्र निघाले तर नग बाजूला. मग पोटावर बोटाच्या पेरानं टकटक. आतून भुरभुर ऐकू आली की समजायचं, आतली एखादी पट्टी डिंकात नीट बसलेली नाही. शेवटी मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवायचा. पडद्याचं टोक हाताला टोचलं तर तेही बाजूला.

पास झालेल्या नगाच्या माथ्यावर एक पितळी चिमणी ठोकली जायची आणि डब्यात एक कार्ड जायचं: 'या वाद्याचा प्रत्येक सूर हातानं तपासला आहे.' खाली हिची सही. नापास नग दुरुस्तीला जायचे, आणि दुरुस्तीनंही सुधारले नाहीत तर मोडीत. जुने मालक पाहुण्यांना तिच्या टेबलाशी आणून उभे करायचे आणि म्हणायचे, "तानसेन गावोगाव सापडतील, कानसेन मात्र आमच्याकडेच." तेव्हापासून कारखान्यात तिचं नावच कानसेन पडलं. सुरुवातीला तिला त्याचा राग यायचा. मग अभिमान वाटायला लागला. आता यातलं काहीच वाटत नव्हतं.

"बोल," तिनं चहाचा कप हातात घेत म्हटलं.

धाकटी वृद्धांच्या दिवसकेंद्रात परिचारिका होती. सकाळी म्हातारी माणसं यायची, संध्याकाळी घरी जायची. मधल्या वेळात ती त्यांचा रक्तदाब बघायची, गोळ्या द्यायची आणि आखडलेल्या बोटांचे व्यायाम करून घ्यायची. रबरी चेंडू दाबून दाबून सगळे कंटाळले होते. एका आजोबांनी तर चेंडू खिडकीतून फेकून दिला होता. तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा एखादं वाद्य शिकू, बोटंही हलतील आणि जीवही रमेल. सोप्रानो लहान, हलकं, मांडीवर मावणारं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि आता घोडं किमतीवर अडलंय," धाकटी म्हणाली. "एका चिमणीछापच्या पैशांत बाजारातली बिननावाची साधी चार येतात. अर्धे म्हणतात, घ्यायचं तर नावाजलेलं घ्या. अर्धे म्हणतात, या वयात ही थेरं कशाला. दोन आठवडे नुसती भांडणं. शेवटी दुकानातून दोन ही आणि दोन ती, आवडली नाहीत तर परत करायच्या बोलीवर आणलीत. तू फक्त येऊन सांगायचंस, चिमणीला तेवढे पैसे मोजावेत की नाही."

"कधी?"

"उद्या."

"उद्या मला सुट्टी आहे."

"म्हणूनच उद्या."

थोरलीनं कप खाली ठेवला. "अगं, आठवडाभर तेच करते ना मी. हलवायाला सुट्टीच्या दिवशी गोड खा म्हणू नये."

"मी कबूल केलंय, ताई."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

धाकटी नऊ वर्षांच्या संसारानंतर एक सुटकेस घेऊन या दोन खोल्यांत परत आली त्याला आता सोळा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत थोरली तिला कधी ठाम नाही म्हणू शकली नव्हती. पण यावेळी जायला नको वाटण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं धाकटीपासून लपवून ठेवलं होतं.

दीड वर्षापूर्वी जुन्या मालकांनी कारखाना विकला. नवे मालक कधी दिसले नाहीत. दिसले ते नवे मॅनेजर. मागणी वाढली, माणसं तेवढीच राहिली, आणि एके दिवशी फर्मान निघालं की चिमणी आधीच ठोकायची, तपासणी नंतर. नंतर म्हणजे दहातल्या एकाची. उरलेले नऊ सरळ डब्यात. त्याच सुमाराला मॅनेजरांनी तिला बोलावून कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं तीन सह्या करायला लावल्या. तिला वाटलं, पेन्शनच्या कागदांचं काहीतरी असेल. आठवड्यानं छापखान्यातून कार्डांचे गठ्ठे आले. प्रत्येकावर तिची सही छापलेली, अगदी शेवटच्या अक्षराच्या वळणासकट.

तिला राग आला होता. एक दिवस पुरला तो. दुसऱ्या दिवशी टेबलावर चाळीस नग वाट बघत होते आणि रागावायलाही ताकद लागते. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तिनं कानाडोळा केला. घरी सांगितलं नाही, कारण धाकटी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या ताईची सही साता समुद्रापार जाते."

शनिवारी दोघी केंद्रात पोचल्या तेव्हा दहा-बारा जण आधीच गोलात बसले होते. लांबलचक हॉल, फरशी पुसायच्या औषधाचा आणि मलमाचा एकत्र वास, खुर्च्यांच्या पाठींना अडकवलेल्या काठ्या, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. मधल्या टेबलावर चार खोकी: दोन निळी, चकचकीत, चिमणीचं चित्र असलेली आणि दोन साध्या पुठ्ठ्याची.

"याच का त्या?" एका ताठ बसलेल्या बाईंनी विचारलं. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि केंद्रात त्यांना सगळे हेडबाई म्हणायचे. "बरं झालं आलात. माझं मत मी आधीच सांगून ठेवते. मी तीस वर्षं मुलांना एकच सांगितलं, अक्षर पेनामुळे सुधारत नाही. साधं घ्या, भरपूर घ्या."

"हेडबाई, त्यांना बोलू तरी द्या," समोरून एक सडपातळ आजोबा म्हणाले. त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा होता आणि बोटं मांडीवर सारखी काहीतरी वाजवल्यासारखी हलत होती. "मी कोर्टात टायपिस्ट होतो. छत्तीस वर्षं. तुम्ही तो कारखाना आतून बघितलाय, म्हणून विचारतो. चिमणी म्हणजे चिमणी ना?"

"टायपिस्टकाकांना चिमणीच हवीय," धाकटीनं थोरलीच्या कानात सांगितलं.

"हवीय," काकांनी ऐकलं होतं. "का नको? आयुष्यभर स्वस्तातलं वापरलं. चपला, चष्मा, छत्री. कोर्टाचं टायपिंग मशीनसुद्धा जुनं, दुसऱ्याचं टाकलेलं. एक अक्षर अर्धंच उमटायचं, ते मी छत्तीस वर्षं हातानं पुरं केलं. आता एक वस्तू तरी नावाची असू दे की."

थोरलीनं पिशवीतून आपला छोटा आरसा, पत्र्याची मापपट्टी आणि चष्मा काढला आणि पहिलं निळं खोकं उघडलं.

ते चांगलं निघालं. इतकं चांगलं की क्षणभर तिचा थकवा विरला. चारही तारा स्वच्छ, बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेचा सख्खा भाऊ, पोटावरची टकटक घट्ट आणि कोरडी. "हे उत्तम आहे," ती म्हणाली. टायपिस्टकाकांनी हेडबाईंकडे बघितलं.

मग तिनं साधं खोकं उघडलं. त्याची मान बाकलेली होती. डोळ्यासमोर आडवं धरलं की सरळ दिसायचं, पण मापपट्टी ठेवल्यावर मधून उजेड आला. "याचं काही होणार नाही. परत करा." आता हेडबाईंनी छताकडे बघितलं.

दुसरं साधं ठीकठाक होतं. आवाज जरा पातळ, लाकूड हलकं, पण मान सरळ. फक्त तारा फार उंच होत्या. तिनं ते काकांच्या मांडीवर ठेवलं. "पहिल्या पडद्यापाशी बोट दाबून बघा."

काकांनी दाबलं आणि त्यांचा चेहरा आकसला.

"दुखतं ना? या वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीत तारांसाठी खाचा आहेत, त्या पुरेशा खोल केलेल्या नाहीत. म्हणून तार उचललेली राहते. तरण्या बोटांना चालतं. तुम्ही चार दिवसांत सोडून द्याल. पण हे दुरुस्त होतं. बारीक कानस घेऊन बसायचं, तासा-दीड तासाचं काम आहे."

राहिलं ते दुसरं निळं खोकं. तिनं चिमणी पुसली, तार छेडली आणि तिथंच थांबली. पुन्हा छेडली. बारावा पडदा दाबला. सूर चढलेला. दुसऱ्या तारेला जास्तच. तिनं पोटावर बोट टेकवून टकटक केली आणि आतून ती भुरभुर आली, जी चोवीस वर्षं तिच्या टेबलावरून पुढं गेली नव्हती. मानेच्या कडेवरून तळहात फिरवला तर पडद्यांची टोकं हाताला टोचली.

"कसं आहे?" हेडबाईंनी विचारलं.

तोवर टायपिस्टकाकांनी खोक्यातलं कार्ड उचललं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं. "'या वाद्याचा प्रत्येक सूर हातानं तपासला आहे.' खाली सही." त्यांनी धाकटीकडे बघितलं. "ही यांचीच ना?"

"ताईचीच!" धाकटी खुलून म्हणाली.

काकांनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मग पहिल्या खोक्यातलं कार्ड घेऊन दोन्ही एकावर एक ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. छत्तीस वर्षं कागद हाताळलेला माणूस होता तो.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "सही तुमची आहे. हात तुमचा नाही."

हॉलमध्ये कुणालाच पटकन काही कळलं नाही. धाकटीला कळलं. तिनं थोरलीकडे बघितलं आणि थोरलीनं मापपट्टीकडे.

'छपाई सोयीची पडते' असं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण मांडीवर ते भुरभुरणारं वाद्य होतं आणि समोर तो इस्त्रीचा सदरा.

"छापलेली आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. हा नग मी आज पहिल्यांदा बघतेय. माझ्यासमोर आला असता तर ही चिमणी त्याच्यावर बसली नसती."

"म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तसंही नाही," थोरली म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, ना या बाजूनं ना त्या बाजूनं. "लाकूड अजून चांगलंच वापरतात, आठ महिने वाळवलेलं. कारागीरही तेच आहेत. पण जास्तीचे पैसे तुम्ही लाकडाचे देत नव्हता. कुणीतरी बघितलंय, याचे देत होता. आता दहात एकच बघितला जातो. नशीब असेल तर ते पहिलं मिळेल, नसेल तर हे."

"मग घ्यायचं काय?" हेडबाईंनी विचारलं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नव्हता.

"साधी घ्या. मान सरळ असलेली बघून घ्या. खाचा मी करून देते."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता बारा नगांचं काम अंगावर घेतलं, तेही सुट्टीच्या दिवशी. पण बोललेलं परत थोडंच घेता येतं?

दोघी परत निघाल्या. सिग्नलपाशी उभं असताना धाकटी म्हणाली, "दीड वर्ष?"

"हं."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटले. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत. मला वेड्यात काढलंस तू."

"तुला बरं वाटायचं."

"मला बरं वाटावं म्हणून गप्प बसलीस?"

थोरलीनं खरं काय ते शोधून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "दमले होते म्हणून गप्प बसले. तुझं निमित्त सापडलं."

सिग्नल सुटला. धाकटीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मग घरापर्यंत तीच पुढं चालत राहिली.

रविवारभर थोरलीनं मनात भांडण रचलं. भांडी घासताना एक वाक्य सुचलं, कपडे वाळत घालताना दुसरं. सोमवारी सकाळी ती मॅनेजरांच्या खोलीत गेली तेव्हा सहा वाक्यं तयार होती.

मॅनेजर चाळिशीतले होते, डोळ्यांखाली काळं, टेबलावर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. दोन फोन आळीपाळीनं वाजत होते.

"साहेब, कार्डावर माझी सही छापली जाते. शनिवारी मी एक नग बघितला, आतली पट्टी सुटलेली, सूर चढलेला, आणि वर माझं नाव. जे मी बघितलं नाही त्यावर माझं नाव नको."

"बाई, दिवसाला चारशे नग जातात. तुम्ही चाळीस बघता. उरलेले तीनशे साठ कुणी बघायचे, सांगा?"

"मला अजून दोन माणसं द्या, मी शिकवते."

"मिळणार नाहीत. मी माझ्याच हाताखाली एक मागतोय, सहा महिने झाले."

"मग तपासू नका. पण माझं नाव काढा."

"ठीक आहे."

थोरली उभीच राहिली. तिची चार वाक्यं शिल्लक होती. "ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे काढतो. पुढच्या छपाईत नुसतं 'तपासनीस' असं टाकू." त्यांनी एक गोळी पट्टीतून बाहेर काढली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "खरं सांगू का बाई, नाव कुणी वाचत नाही. लोक चिमणी बघतात."

चोवीस वर्षांत तिला एवढं लागेल असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं मान हलवली.

"आणि परत आलेल्या मालाच्या टेबलावर अनुभवी माणूस हवाय. पंधरा तारखेपासून तुम्ही तिकडं बसा. शिक्षा समजू नका."

"नाही समजले," ती म्हणाली. शिक्षा असो, बढती असो, खुर्ची तीच होती आणि पाठही तीच दुखणार होती. दाराशी जाऊन ती परत वळली. "एक नग मला हवाय. चिमणीछाप. कामगारांच्या सवलतीत. पण मी निवडून घेणार."

"घ्या की." त्यांनी चिठ्ठीवर सही केली, न बघता.

ते टायपिस्टकाकांसाठी होतं. केंद्रात बारा साधी घ्यायचं ठरलं तेव्हा काकांनीही मान डोलावली होती. फक्त जाताना धाकटीला हळूच म्हणाले होते, "ताईंना सांगा, मला अजून चिमणीच हवीय. वेडेपणा म्हणा हवं तर. पण त्यांनी बघितलेली."

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत थोरली गोदामात बसली. डबे उघडायचे, छेडायचं, दाबायचं, टकटक करायची, परत ठेवायचं. दर डब्यामागं पोळीचा एक घास घ्यायचा आणि पुढचा डबा. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "कानसेन, घरजावई शोधताय का?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "एवढी स्थळं नाकारलीत तर पोरगी घरातच बसेल." तिसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी डबे उघडून देऊ लागला. तीसमधली एकवीस चालण्यासारखी होती, सहा चांगली, दोन टाकाऊ. आणि एक असं होतं की तार छेडल्यावर ज्या पॉलिशवाल्याला सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यानंही हातातलं फडकं खाली ठेवलं.

काकांनी नोटा मोजून पाकिटातून दिल्या. वाद्य हातात घेतलं, पहिल्या पडद्यावर बोट दाबलं, आणि यावेळी त्यांचा चेहरा आकसला नाही.

"किंमत रास्त आहे ना, बाई?"

"सगळ्यांची नाही," थोरली म्हणाली. "याची आहे."

साध्या बारांचं काम पाच शनिवार चाललं. केंद्राच्या मागच्या खोलीत, औषधांच्या कपाटाशेजारी टेबल लावून ती बसायची. तारा ढिल्या करायच्या, पांढऱ्या पट्टीच्या खाचेत बारीक कानस घालायची, चारदा मागंपुढं, मग तार लावून बघायचं. एक घासा जास्त झाला की तार पडद्यावर आपटून खरखरायची आणि नवी पट्टी बसवावी लागायची. असं दोनदा झालं, दोन्ही वेळा चौथ्या शनिवारी, जेव्हा तिचे डोळे चुरचुरत होते. धाकटी समोर बसून पडद्यांच्या टोकांना पॉलिश पेपर घासायची. तिला ते काम येत नव्हतं, पण तिनं ते सोडलं नाही.

"मी कबूल करायला नको होतं," ती एकदा म्हणाली.

"करून बसलीस ना? आता ती कानस दे इकडं. ती नव्हे, बारकी."

"ताई, तुला राग नाही आला माझा?"

"आला होता." थोरलीनं फुंकर मारून भुसा उडवला. "तो पहिल्या सहा नगांतच संपला. रागाचं आणि माझं आताशा जमत नाही फारसं."

धाकटी हसली आणि मग बराच वेळ मान खाली घालून घासत राहिली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं गरम पाण्याचं घमेलं आणून थोरलीचे दोन्ही हात त्यात बुडवले, जसे केंद्रातल्या म्हाताऱ्यांचे बुडवायची, आणि एकेक बोट चोळत राहिली. पाणी थंड होईपर्यंत थोरलीनं हात बाहेर काढले नाहीत.

शिकवणी सुरू झाली ती हेडबाईंची. त्यांनी एक पुस्तक आणून तीन स्वरमेळ पाठ केले होते आणि तेवढ्या शिदोरीवर त्या सगळ्यांना शिकवायला बसल्या होत्या. पट्टी हातात नव्हती एवढंच. "डावा हात! डावा म्हणजे घड्याळाचा! काका, तुम्ही टाइप करताय, छेडताय कुठं?"

परत आलेल्या मालाच्या टेबलावर आठवडा काढून थोरली त्या शनिवारी केंद्रात गेली होती, ती फक्त धाकटीला घेऊन घरी जायला. तिकडं दिवसभर फुटलेली पोटं, तारांखालच्या सुटलेल्या घोड्या आणि खोक्यातून आलेली रागावलेली पत्रं. पत्रं वाचून तिचं डोकं जड झालं होतं. हेडबाईंनी तिला दारातच अडवलं.

"या, तुम्ही एक वाजवून दाखवा. म्हणजे यांना कळेल कसं वाजवतात."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वाजवायला. कधी शिकलेच नाही."

हेडबाई बघतच राहिल्या. "चोवीस वर्षं हातात ते, आणि एक गाणं येत नाही?"

"सुटी तार यायची. मग दाबलेली तार. मग पुढचा नग." थोरलीला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. "गाण्यापर्यंत कधी गाडी पोचलीच नाही."

"मग बसा. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे."

"आज नको, हेडबाई. आज नुसतं बसू द्या."

बाईंनी तिला नीट बघितलं आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सूट दिली. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली. धाकटी आत गोळ्यांच्या नोंदी करत होती, तिला अजून वीस मिनिटं होती.

तेरा वाद्यं सुरू झाली. एकाच वेळी नव्हे. काही पुढं, काही मागं, एक आजी तर दुसरंच काहीतरी वाजवत होत्या आणि खूश होत्या. टायपिस्टकाकांचं बोट चुकीच्या तारेवर गेलं, त्यांनी शिवी दिली, हेडबाईंनी ती ऐकली नाही असं दाखवलं. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या वाद्याची दुसरी तार उतरली होती. थोरलीला ते पहिल्या छेडीलाच कळलं. कळल्याबरोबर तिचा हात खुर्चीच्या कडेला गेला, उठायला.

मग तिनं तो परत मांडीवर ठेवला. ज्यांच्या हातात ते वाद्य होतं ते आजोबा ओठ पुढं काढून, जीव लावून वाजवत होते, आणि उतरलेल्या तारेनं त्यांचं काही अडत नव्हतं. पुढच्या शनिवारी बघू, तिनं मनाशी म्हटलं. मान खुर्चीच्या पाठीला टेकली. आवाज तसाच चालू राहिला, आणि थोड्या वेळानं धाकटी हात पुसत बाहेर आली, तेव्हा तिला बहिणीला उठवावं की नाही हे ठरवायला बराच वेळ लागला.